साडेआठ ते साडेआठ: यवतमाळच्या पावसाची मोजदाद

काही वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. पहाटे पाचला आमच्या गावात पाऊस सुरू झाला आणि दुपारी बाराच्या सुमाराला थांबला. नाल्याकाठच्या वावरातली कपाशी आडवी झाली, धुरा फुटला, सोयाबीन पाण्याखाली गेलं. बाबांनी पुण्याला मला फोन केला तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी होती, पण थोडी खात्रीही होती. आमच्याकडे पासष्ट मिलिमीटरचा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ असतो. चोवीस तासांत मंडळात पासष्टच्या वर पाऊस नोंदला गेला की ती 'अतिवृष्टी', मग पंचनामे, मग मदत. बाबांच्या अंगणातल्या प्लॅस्टिकच्या पर्जन्यमापकात ऐंशी मिलिमीटर भरला होता.

मंडळाच्या नोंदीतही पाऊस साधारण तेवढाच होता. पण तो दोन दिवसांत वाटला गेला. साडेआठच्या आधी बेचाळीस, साडेआठनंतर अडतीस. पावसाचा सरकारी दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. त्यामुळे आमचा सात तासांचा एकच पाऊस कागदावर दोन दिवसांचा झाला आणि दोन्ही दिवस पासष्टच्या खाली राहिले.

"घड्याळानं मारलं ना बाप्पा," बाबा म्हणाले.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात याला 'फिक्स्ड विंडो' म्हणतात. सरकती खिडकी घेतली, म्हणजे कुठलेही सलग चोवीस तास धरले, तर हा प्रश्न चार ओळींच्या कोडमध्ये सुटतो. त्या रात्री मी ते कोड लिहिलंही. मग प्रश्न पडला की ही साडेआठची खिडकी आली कुठून? नोंद घेणारं यंत्र कुठे ठेवायचं, किती वेळा वाचायचं, वाचलेलं कुणाला आणि कसं कळवायचं, हे कुणी ठरवलं? वायरलेस सेन्सर नेटवर्कच्या पुस्तकात हेच दोन प्रश्न असतात: सॅम्पलिंग आणि कम्युनिकेशन. पुस्तकं त्यांची सुरुवात नव्वदच्या दशकातल्या कॅलिफोर्नियापासून करतात. वऱ्हाडात ती बरीच आधी होते.

साडेआठचं उत्तर सोपं निघालं. भारतात साडेआठ वाजतात तेव्हा ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात. जगभरच्या वेधशाळा तीन-तीन तासांच्या ठरावीक वेळांना एकदम निरीक्षणं घेतात, त्यांतली ही एक वेळ. सगळ्यांनी एकाच क्षणी पाहिलं तरच नकाशा काढता येतो. म्हणजे आमच्या नाल्याकाठच्या पावसाचे दोन तुकडे करणारी सुरी पृथ्वीच्या वातावरणाचा फोटो काढण्यासाठी घडवलेली होती. हवामानशास्त्राच्या दृष्टीनं तिच्यात काहीच चूक नाही. तिच्यावर नुकसानभरपाई तोलायची हे नंतर कुणीतरी ठरवलं.

पाऊस मोजायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारासमोर पर्जन्यमापक ठेवायला सांगितलंय आणि देशोदेशींचा पाऊस द्रोणांत दिलाय: अवंतीत तेवीस, अश्मकात साडेतेरा. अश्मक म्हणजे गोदाकाठ, आमचा शेजारच. पण तो एकेका प्रदेशाचा एकेक आकडा झाला. एकसारख्या भांड्यांचं जाळं विणून रोजचा आकडा एका ठिकाणी गोळा करायचा, ही गोष्ट तारयंत्राशिवाय शक्य नव्हती.

१८६४ साली कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं, १८६६ आणि १८७१ साली पाऊस दगा देऊन गेला, आणि १८७५ साली हिंदुस्थान सरकारनं हेन्री ब्लॅनफोर्ड यांना देशाचे पहिले हवामान अधिकारी नेमलं. त्यांच्याआधीही ठिकठिकाणी पाऊस मोजला जात होता, पण प्रत्येक प्रांताचं यंत्र वेगळं, वेळ वेगळी आणि उंची वेगळी. ब्लॅनफोर्ड यांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे ही खिचडी निवडणं. १८७८ पासून सिमल्याहून रोजचं हवामानपत्र निघू लागलं. ते कशाच्या जोरावर? तारेच्या. शंभर मैलांवरचा पाऊस शंभर मैलांच्या टपालानं कळला तर त्याचा उपयोग इतिहासकाराला, शेतकऱ्याला नाही.

यवतमाळ तेव्हा यवतमाळ नव्हतं. जिल्ह्याचं नाव होतं वूण, म्हणजे आजचं वणी. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीमचे दारव्हा आणि पुसद हे तालुके इकडे जोडले गेले आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. मोजमापाचं जाळं मात्र महसुली उतरंडीवरच बेतलेलं राहिलं. तहसील कचेरीच्या आवारात तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक, पाच इंच व्यासाच्या तोंडाचा, जमिनीपासून फूटभर उंच. आत एक बाटली. सकाळी कारकून किंवा शिपाई येतो, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओततो, आकडा नोंदवहीत लिहितो. जॉर्ज सायमन्स या इंग्रजाच्या नावानं ओळखलं जाणारं हे यंत्र. त्यात हलणारा भाग एकही नाही.

या बाटलीबद्दल मला फार आदर आहे आणि तो अनुभवातून आलाय. त्याबद्दल पुढे.

तारेचा खर्च शब्दांवर असे. म्हणून हवामानाच्या तारा शब्दांत न जाता आकड्यांच्या सांकेतिक गटांत जात: पाच-पाच आकड्यांचा गट, प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली. आज सेन्सरमधून बारा बाइटचा संदेश पाठवताना मी जे करतो तेच. २००० साली पॉटी आणि कायझर या दोन अभियंत्यांनी एक हिशेब मांडला होता, तो आमच्या क्षेत्रात सारखा उद्धृत होतो: एक किलोबिट माहिती शंभर मीटरवर रेडिओनं पाठवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात प्रोसेसर तीस लाख सूचना पार पाडतो. म्हणून बोलण्याआधी विचार कर, आणि जमलं तर बोलूच नकोस. तारखात्याच्या दरपत्रकानं हीच शिकवण दिली होती. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मी तेव्हा शाळेत होतो आणि आयुष्यात एकही तार पाहिलेली नव्हती.

न बोलण्यात एक अडचण असते. पाऊस नाही म्हणून तार नाही, की तार तुटली म्हणून तार नाही? सरकारी दफ्तरांनी यावर एक सुंदर शब्द शोधलाय: निरंक. रकाना मोकळा सोडायचा नाही, 'निरंक' लिहायचं. कुणीतरी पाहिलं, आणि काही नव्हतं. मोकळा रकाना म्हणजे कुणी पाहिलंच नाही. शून्य आणि 'नल' यांतला फरक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला समजायला मला दोन प्रॅक्टिकलं लागली होती. आमच्या तलाठ्याला तो आधीपासून माहीत होता.

आता पावसाकडून पिकाकडे. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात थोर भाग इथे आहे आणि त्याची मराठीत फारशी आठवण काढली जात नाही.

वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून लिव्हरपूलला जात असे. आमची नॅरोगेज शकुंतला त्याच कापसासाठी किलिक निक्सन कंपनीनं घातलेली. व्यापाऱ्यांना हंगामाआधी अंदाज हवा असे आणि सरकारलाही. तो काढायची रीत अशी: पेऱ्याचं क्षेत्र गुणिले सरासरी उतारा गुणिले आणेवारी. क्षेत्र पटवारी सांगे. सरासरी उतारा जुन्या कागदांत असे. आणेवारी म्हणजे यंदाचं पीक सोळा आण्यांपैकी किती आणे, हे शिवारात उभं राहून नजरेनं ठरवायचं. आता ती पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाई. नजरेच्या अंदाजात एक खोड असते. सोळा आणे लिहिले तर सारा पुरा द्यावा लागणार, म्हणून हात आखडता. कापसाच्या बाबतीत ही खोड उघडी पडे, कारण कापूस शेवटी जिनिंग-प्रेसिंगमधून जातो आणि गाठी मोजता येतात. बांधलेल्या गाठी आणि सरकारी अंदाज यांचा मेळ बसत नसे.

रवींद्रनाथांच्या बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस तागावर हाच प्रश्न सोडवत होते. १९३७ पासून त्यांनी तागाचं सर्वेक्षण यादृच्छिक नमुन्यांनी सुरू केलं. महालनोबिस हे कलकत्त्याच्या हवामान खात्यात काम केलेले गृहस्थ, हे इथे सांगायला हवं; पाऊस मोजणारे आणि पीक मोजणारे लोक फार लांबचे नव्हते. इकडे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हे काम दोन मराठी माणसांनी केलं. विनायक गोविंद पानसे इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कापसाच्या प्रयोगांचं संख्याशास्त्र पाहत. आर. जे. कळमकर यांनी इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेडला शिकून १९३२ साली गव्हाच्या शेतातून नमुने कसे घ्यावेत यावर निबंध लिहिला होता. या दोघांनी १९४०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात वऱ्हाडातल्या कापसावर पीक कापणीचे मोठे प्रयोग केले आणि त्याची टिपणं 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केली.

पद्धत टप्प्याटप्प्यानं उतरणारी. तहसिलीतून चिठ्ठी टाकून गावं निवडायची, गावातून चिठ्ठीनं शेतं, शेतात चिठ्ठीनं एक तुकडा. तो तुकडा दोरीनं आखायचा आणि त्यातलं पीक काढून वजन करायचं. ज्वारी एकदा कापली की संपली. कापसाच्या वेचण्या दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत चालतात, म्हणजे त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा जायचं, आणि मधल्या काळात मालकानं तो वेचला नाही याची खात्री करायची. चांगलं शेत, रस्त्याकाठचं शेत, पाटलाचं शेत असली निवड बंद. मला यातली सगळ्यात मोठी क्रांती ही चिठ्ठी वाटते. पटवाऱ्याची नजर जाऊन तिथे यादृच्छिक आकड्यांचा तक्ता आला.

मग वाद झाला. त्याचे नायक आणि प्रतिनायक दोन्ही थोर. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव, लंडनहून डॉक्टरेट घेऊन आलेले, दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्र पाहत. महालनोबिस यांचं म्हणणं: तुकडा लहान घ्या, जागा जास्त घ्या. त्याच खर्चात जास्त ठिकाणं पाहिली तर अंदाज जास्त चांगला. गणितात हे बरोबरच आहे. सुखात्मे म्हणाले की शेतात दोरी धरणारा माणूस गणितात नसतो. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर? माणूस ते आत धरतो, कारण भरलेलं कणीस सोडवत नाही. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानानं कड मोठी. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनात एका चौरस मीटरला चार मीटर कड येते. दहा बाय पाचच्या तुकड्यात ती साठ सेंटिमीटर. म्हणून लहान तुकड्यांतून उतारा फुगून येतो. आणि हा फुगवटा जागा वाढवून जात नाही, कारण प्रत्येक जागी चूक एकाच दिशेला होते. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी हे आकड्यांनिशी मांडलं. मोठ्या तुकड्यांची पद्धत देशभर रुळली. आजही बऱ्याच पिकांना दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखतात. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेलं शेती संख्याशास्त्राचं इंग्रजी पुस्तक १९५४ साली आलं आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं.

सुखात्म्यांचा मुद्दा सेन्सरवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. स्वस्त सेन्सर भरपूर लावले की चुका आपोआप एकमेकींना खोडतात, असं आमच्याकडे सर्रास गृहीत धरतात. खोडतात, पण त्या वेगवेगळ्या दिशांना असल्या तरच. हल्लीच्या स्वयंचलित पर्जन्यमापकात छोट्या सीसॉसारखी दोन खणांची पळी असते. एक खण भरला की ती कलंडते आणि एक टिचकी मोजली जाते. मुसळधार पावसात पळी कलंडत असतानाच पाणी वरून पडत राहतं आणि ते मोजलं जात नाही. म्हणजे धो-धो पावसात सगळीच यंत्रं कमी दाखवणार, सगळी एकाच दिशेला. अशी हजार यंत्रं लावली तरी सरासरी कमीच येणार. गणितानं हे थोडंफार दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी आधी मान्य करावं लागतं.

पैसा यात कधी आला? १९२० साली म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी शेतीविम्यावर पुस्तक लिहून सुचवलं की पीक पाहू नका, पर्जन्यमापक पाहा. पाऊस ठरावीक आकड्याच्या खाली गेला की त्या भागातल्या सगळ्या विमेदारांना पैसे द्या. आज 'हवामान आधारित विमा' म्हणून जे नवीन म्हणून सांगितलं जातं ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे. ते तेव्हा कुणी केलं नाही. सत्तरच्या दशकात पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर यांनी विषय पुन्हा हातात घेतला. दांडेकरही मुळात संख्याशास्त्राचे. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजत बसलात तर मोजणीचा खर्च विम्याहून जास्त होईल आणि खोटेपणाला वाव राहील, म्हणून एकसारख्या पिकाचा एक प्रदेश धरा, त्यात पीक कापणी करा आणि प्रदेशाचा उतारा घसरला तर प्रदेशातल्या सगळ्यांना सारखंच द्या, असा त्यांचा युक्तिवाद. १९८५ सालची देशव्यापी पीक विमा योजना या तत्त्वावर आली आणि नंतरच्या योजनांनी, २०१६च्या पंतप्रधान पीक विमा योजनेसकट, ते सोडलेलं नाही.

दांडेकरांचा युक्तिवाद मला पटतो. तरी त्यात एक शब्द आहे, 'एकसारखा', आणि आमच्या जिल्ह्यात तो टिकत नाही. काळ्या कसदार जमिनीच्या वावराला लागून मुरमाड बरड. उत्तरेला पठार, दक्षिणेला पैनगंगेचं खोरं, पूर्वेला वर्धा नदी. जूनमधला पाऊस तर बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं.

रेडिओची कथा वेगळ्या बेटावर सुरू होते. हवाई विद्यापीठाची केंद्रं बेटाबेटांवर विखुरलेली होती आणि नॉर्मन एब्रॅमसन यांना ती एका संगणकाला जोडायची होती. १९७१ साली त्यांनी चालू केलेल्या अलोहा जाळ्याचा नियम असा: बोलायचं असेल तेव्हा बोला. दोघं एकदम बोलले आणि संदेश आपटले, तर थोडं थांबून पुन्हा बोला. रांग नाही, पाळी नाही. या बेशिस्तीत वाहिनीचा जास्तीत जास्त अठरा टक्के वेळच कामी येतो हे गणितानं निघतं, आणि तरी ती चालते, कारण पाळी ठरवायलाही बोलावंच लागतं.

१९८३ साली इन्सॅट-१बी गेला तेव्हा त्यावर दूरच्या हवामानकेंद्रांचे संदेश झेलणारं एक यंत्र होतं. भारतीय हवामान खात्यानं त्या दशकात अशी शंभर स्वयंचलित केंद्रं उभी केली. पुढे २००६-०७च्या सुमाराला सव्वाशे नवी केंद्रं आली आणि मग त्यांचं जाळं वाढत गेलं. संदेश ४०२.७५ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाकडे जात आणि पुण्यात उतरत. सगळ्यांना एकच वाहिनी, मग टक्कर टाळायची कशी? केंद्राला उलट काही सांगायची सोय नाही. उपाय असा केला की दर तासाला प्रत्येक केंद्रानं आपल्या दहा मिनिटांच्या अवधीत तोच संदेश तीनदा पाठवायचा, तीन आडव्यातिडव्या वेळांना. एक आपटला, दुसरा आपटला, तरी तिसरा पोचेल. अलोहाचीच भाची म्हणायची. मला ही रचना फार आवडते. शिवाराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारताना आपणही तीनदाच मारतो.

छोट्या सेन्सरांचं जाळं ही कल्पना बर्कलीतल्या 'स्मार्ट डस्ट' प्रकल्पातून नव्वदच्या दशकाअखेर पुढे आली. २००२ साली अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांच्या परिसरात बत्तीस सेन्सर ठेवले गेले, ते पहिल्या प्रसिद्ध प्रयोगांपैकी एक. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या प्रा. उदय देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ॲग्रिसेन्स' नावाचं जाळं नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात लावलं. द्राक्षमळ्यातच का, हे उघड आहे. एकरी लाखोंचं पीक, थेंब-थेंब पाणी, मालक शिकलेला, वीज आहे, मोबाइलची रेंज आहे. कोरडवाहू कपाशीला एवढे सेन्सर परवडत नाहीत. जिथे माहितीवाचून सगळ्यात जास्त अडतं तिथे मोजायला पैसा नसतो, ही काही सेन्सरची एकट्याची गोष्ट नाही.

महावेध प्रकल्प २०१७ साली सुरू झाला आणि राज्यातल्या २०६५ महसूल मंडळांत स्वयंचलित हवामानकेंद्रं उभी राहिली. तालुक्यावरून मंडळावर येणं ही मोठी उडी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या जिल्ह्याचं क्षेत्र साधारण साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, तालुके सोळा. तालुक्याला एक यंत्र असताना एकामागे साडेआठशे चौरस किलोमीटर पडत. आता साधारण बारा किलोमीटर बाय बारा किलोमीटर. तरीही हिशेब करून पाहा. पर्जन्यमापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटर धरलं, तर ते मंडळाच्या क्षेत्राच्या सातशे कोटींमधला एक भाग होतं. आणि यात चिठ्ठी नाही. पानसे-कळमकरांनी गाव चिठ्ठीनं काढलं; केंद्र मात्र जिथे मोकळी सरकारी जागा, कुंपण आणि नेटवर्क मिळेल तिथे उभं राहतं.

त्या जुलैनंतर मी स्वतःच पाच नोड बनवले. पळीचा पर्जन्यमापक, छोटी सौरपाटी, एक लोरा रेडिओ. लोरा मूळ फ्रान्समधल्या ग्रेनोबलचं तंत्र. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झची पट्टी परवान्याशिवाय वापरता येते, त्यात ते बसतं. नोड बोलतात तेही अलोहासारखंच, मनात येईल तेव्हा. पाच ओळखीच्या कास्तकारांच्या धुऱ्यांवर पाच नोड, आणि आमच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर गेटवे.

पहिल्या हंगामात मी एक चूक केली. दर पंधरा मिनिटांत किती टिचक्या पडल्या एवढंच नोड पाठवत असे आणि पुढच्या पंधरा मिनिटांसाठी मोजणी पुन्हा शून्यापासून. पावसात संदेश हरवत. हरवलेला संदेश म्हणजे हरवलेला पाऊस. बाबांच्या प्लॅस्टिकच्या भांड्यापेक्षा माझा अंगणातला नोड सतत कमी दाखवे आणि बाबा काही बोलत नसत, ते जास्त लागे. उत्तर मला तहसिलीतल्या बाटलीनं दिलं. कारकून एक दिवस आला नाही तर बाटलीतलं पाणी कुठे जात नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं मिळून सापडतं. कधी पडला ते हरवतं, किती पडला ते हरवत नाही. म्हणून दुसऱ्या हंगामापासून नोड हंगामाच्या सुरुवातीपासूनच्या एकूण टिचक्या पाठवू लागला. मधले दहा संदेश हरवले तरी अकरावा सगळा हिशेब घेऊन येतो. दीडशे वर्षांच्या काचेच्या बाटलीची युक्ती मला पुन्हा शोधायला एक अख्खा पावसाळा लागला.

बाटलीची मर्यादाही कळली. २२ जुलै २०२३ला यवतमाळ जिल्ह्यात भयंकर पाऊस झाला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुरात अडकलेल्या लोकांसाठी वायुदलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. आमचा तालुका वेगळा, पण आदल्या रात्रीच वीज गेली आणि माझ्या गेटवेची बॅटरी काही तासांत संपली. पाचही नोड मोजत राहिले आणि ऐकणारं कुणी नव्हतं. दोन दिवसांनी वीज आली तेव्हा एकूण आकडा मिळाला. तासागणिकचा पाऊस मात्र गेला तो गेलाच. साडेआठच्या आधीचा किती आणि नंतरचा किती हे मी सांगू शकत नव्हतो. ज्या दिवसासाठी हे सगळं उभं केलं होतं, नेमका तोच. आता नोडवर तासातासाची नोंद साठवतो आणि मागितली की पाठवतो.

दरम्यान वरही बरंच बदललं. २०२३ साली केंद्र सरकारनं 'विंड्स' नावाचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापकाची कल्पना आहे. आमच्या जिल्ह्यात ग्रामपंचायती हजाराच्या वर. त्याच वर्षी राज्यात एक रुपयात पीक विमा आला आणि २०२५च्या खरिपाला तो गेला. नव्या रचनेत स्थानिक आपत्तीसारखे निकष काढून टाकले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगांच्या उताऱ्यावर ठेवली. म्हणजे पुन्हा पानसे आणि कळमकर: यादृच्छिक आकडा, शेताचा नैर्ऋत्य कोपरा, दोरी, वजनकाटा. अतिवृष्टीची सरकारी मदत मात्र अजून पासष्टच्या आकड्यावर आणि साडेआठच्या घड्याळावरच चालते. माझ्या मते निदान हे एक तरी बदलायला हवं. मंडळांतली केंद्रं दिवसभर आकडे पाठवतातच. सलग कुठलेही चोवीस तास मोजायला नवा सेन्सर लागत नाही, एक शासननिर्णय लागतो.

गेल्या सप्टेंबरात तीन नंबरचा नोड शून्य दाखवत राहिला. बाकीच्या चारांवर पाऊस होता. बॅटरी ठीक, दर तासाची हजेरी ठीक. माझ्या हिशेबानं नोड जिवंत होता, पाहत होता आणि तिथे काही नव्हतं. पाऊस शिवार सोडून पडतो हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चौथ्या दिवशी बाबा मोटरसायकलवर त्या धुऱ्यावर गेले आणि तिथून फोन केला.

"लोटाभर पानी टाकलं मी त्यात. तुह्याकडं काही आलं का?"

मी पुण्यात स्क्रीनपुढे बसलो होतो. दोन मिनिटं थांबलो, पुन्हा पाहिलं.

"निरंक," मी म्हणालो.

"मंग वरचं झाकन काढून पाहतो," बाबा म्हणाले. खुडबुड ऐकू आली, मग हसणं. कुंभारमाशीनं नरसाळ्याच्या भोकात चिखलाचं घर बांधलं होतं, चांगलं वाळलेलं, आणि वर चार दिवसांचा पाऊस काठोकाठ साचला होता.

"मोजून घेऊ का?" त्यांनी विचारलं. "बाटली हाय माह्याजवळ."